लॉकिंग प्लेटची सगळी भोकं भरली, तरी हाड का जुळत नाही?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. अस्थिशल्यचिकित्सा शिकणाऱ्यांसाठी आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय, म्हणून भाषा थोडी धंद्यातली आहे, चालवून घ्या.

नेहमी दिसणारं चित्र असं. मांडीच्या हाडाचं, गुडघ्याच्या जरा वर, साधं आडवं-तिरकं फ्रॅक्चर. बाहेरच्या बाजूने लॉकिंग प्लेट (जिच्या भोकांत स्क्रूचं डोकं आट्यांनी पक्कं बसतं, म्हणजे लॉक होतं), एकूण एक भोकात स्क्रू आणि सगळे लॉक. ऑपरेशननंतरचा एक्स-रे अगदी देखणा, फक्त आतल्या बाजूला एखाद-दीड मिलिमीटरची फट. तीन महिन्यांनी बघावं तर कॅलसचा (जोडावरच्या नव्या हाडाच्या गाठीचा) पत्ता नाही. पुढे काही महिन्यांत प्लेट मोडते, आणि तीही बरोब्बर फ्रॅक्चरसमोरच्या भोकातून. इतकी घट्ट जोडणी, मग हाड का रुसतं? आणि मोडायची तर प्लेटच्या टोकाला का मोडत नाही?

---

तिसरी_कॉर्टेक्स

ही जोडणी धड इकडची ना तिकडची, म्हणून.

हाड जुळवायच्या दोन वाटा आहेत. पहिलीत फट पूर्ण मिटवायची आणि तुकडे एकमेकांवर इतके दाबायचे की भार आला तरी ते तसूभर हलू नयेत. तिथे कॅलस येत नाही आणि यायची गरजही नसते, हाडाच्या पेशी फट ओलांडून थेट नवं हाड रचतात. बेल्जियमच्या रोबेर डॅनिस यांनी १९४९ मध्ये हे मांडलं, आणि १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जमलेल्या एओ या सर्जनांच्या गटाने त्यावर आपली स्क्रू-प्लेटची सगळी पेटी उभी केली. दुसऱ्या वाटेत फट राहू द्यायची, थोडी हालचालही राहू द्यायची, आणि शरीराला कॅलसचा गठ्ठा बांधू द्यायचा. हाडाच्या पोकळीत घालायची सळई आणि फ्रॅक्चर ओलांडून फक्त दोन टोकांना धरणारी ब्रिज प्लेट या वाटेच्या.

किती हालचाल चालते याचं गणित स्टेफान पेरेन यांनी घालून दिलं. फटीतली हालचाल भागिले फटीची रुंदी, म्हणजे स्ट्रेन. सुरुवातीचा मऊ ग्रॅन्युलेशनचा (जखम भरताना येणाऱ्या मांसाचा) थर १०० टक्क्यांपर्यंत ताण सोसतो, कूर्चा सुमारे १० टक्के, आणि पक्कं हाड फक्त २ टक्के. आता १ मिमी फट घ्या आणि तिथे ०.५ मिमी हालचाल धरा. स्ट्रेन ५० टक्के! तिथे हाड धरणं शक्यच नाही. पण तेवढीच अर्धा मिलिमीटर हालचाल चुऱ्याच्या फ्रॅक्चरमध्ये, एकूण १० मिमी फटींत वाटली गेली, तर प्रत्येकीच्या वाट्याला ५ टक्के येतात. तिथे कॅलस येतो.

म्हणून साध्या फ्रॅक्चरमध्ये अर्धवट उघडी फट सगळ्यात वाईट. एक तर ती मिटवून दाबा, नाहीतर लांब प्लेट टाकून हालचाल लांबीवर पसरू द्या. तुमच्या चित्रात यातलं काहीच झालेलं नाही. प्लेटखालच्या कॉर्टेक्सला (हाडाच्या कठीण बाहेरच्या भिंतीला) हालचालच मिळत नाही, ती लॉक स्क्रूंनी जखडलेली. समोरच्या कॉर्टेक्सला मिळते, पण तिथली फट अरुंद, त्यामुळे स्ट्रेन जास्त. बाहेरून लॉक केलेल्या प्लेटमध्ये कॅलस आलाच तर आतल्या, म्हणजे दूरच्या बाजूला आधी दिसतो, तोही याच कारणाने.

प्लेट कुठे मोडते याचं उत्तर धातुवेडा यांनी द्यावं. मी फक्त आकडे सांगतो. चुऱ्याच्या फ्रॅक्चरला प्लेटची लांबी फ्रॅक्चरच्या लांबीच्या किमान दोन-तीन पट, साध्याला आठ-दहा पट. ब्रिज प्लेटच्या निम्म्याहून कमी भोकांत स्क्रू. म्हणजे १२ भोकांची प्लेट असेल तर फार तर पाच. फ्रॅक्चरच्या आसपासची दोन-तीन भोकं रिकामी. भोक दिसलं की स्क्रू घालायचा हात शिवशिवतो, तो आवरा.

---

धातुवेडा

बोलावलंत, आलो.

प्लेट एका मोठ्या धक्क्याने क्वचित मोडते. ती थकून मोडते. कागदाची पिन हातात धरून पुढे-मागे वाकवत राहिलं की एका क्षणी तुटते, तसंच. फ्रॅक्चरच्या दोन बाजूंचे सगळ्यात जवळचे स्क्रू, त्यांच्यामधला प्लेटचा तुकडा म्हणजे तिची वर्किंग लेंग्थ. दोन्ही स्क्रू अगदी फ्रॅक्चरला खेटून घातले तर प्रत्येक पावलाचं सगळं वाकणं जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर धातूत कोंबलं जातं. त्यात तिथे भोक, म्हणजे धातू आधीच कमी. तडा तिथूनच सुरू होणार. तेच वाकणं सहा-सात सेंटिमीटरवर पसरलं तर दर मिलिमीटरला ताण कमी पडतो.

प्लेट जाड घेतली की झालं, असं वाटतं. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली तर प्लेट आठपट ताठ, म्हणजे फ्रॅक्चरची उरलीसुरली हालचालही गेली. टायटॅनियम स्टीलच्या साधारण निम्मं ताठ, स्टील १९०-२०० गिगापास्कलच्या घरात, टायटॅनियम १०५-११०. कॉर्टिकल हाड मात्र जेमतेम १७-२०. एकाच जोडणीत स्टीलची प्लेट आणि टायटॅनियमचे स्क्रू असं मिसळू नका.

प्लेट वाकवताना भोकांच्या मधल्या भागात वाकवा, भोकावर नाही. एकदा वाकवलेली परत सरळ करू नका, थकवा तिथेच साठतो. आणि लॉकिंग भोकाचे आटे वाकले तर त्यात लॉक स्क्रू नीट बसत नाही.

---

ओटी_ताई

वरची चर्चा छान चाललीय, पण फट मिटवून दाबायची म्हणता तर ती प्रत्यक्षात दाबतो लॅग स्क्रू, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याकडे ओढून घेणारा. आणि गोंधळ होतो तो ट्रॉलीवर. ३.५ मिमी कॉर्टिकल स्क्रूचा क्रम सांगते.

१. क्लँपने रिडक्शन (तुकडे जागेवर बसवणं) पक्कं. स्क्रूची दिशा फ्रॅक्चरच्या सपाटीला काटकोनात. तिरकी गेली तर घट्ट करताना तुकडे एकमेकांवरून घसरतात, आणि छान बसवलेलं रिडक्शन डोळ्यांदेखत बिघडतं.

२. जवळच्या कॉर्टेक्सला ३.५ चं ड्रिल. हे ग्लायडिंग होल. स्क्रूचे आटे इथे पकडता कामा नयेत, स्क्रू सैल सरकला पाहिजे.

३. त्या भोकात ३.५/२.५ ची ड्रिल स्लीव्ह टेकेपर्यंत घाला आणि तिच्यातून दूरच्या कॉर्टेक्सला २.५ चं ड्रिल. स्लीव्हमुळे दोन्ही भोकं एका रेषेत येतात.

४. काउंटरसिंक, म्हणजे भोकाचं तोंड खोलगट करणं. स्क्रूच्या डोक्याला गोल बैठक मिळाली की भार सगळीकडे सारखा जातो. नाहीतर डोकं एका कडेवर टेकतं आणि कॉर्टेक्स चिरतो. पातळ, मऊ हाडात काउंटरसिंक करूच नका, वॉशर लावा.

५. खोली मोजा. काउंटरसिंकनंतर आणि टॅपच्या (आटे पाडण्याच्या) आधी. आधी मोजलं तर माप मोठं येतं. टॅपनंतर मोजलं तर गेजची आकडी नुकतेच पाडलेले आटे ओरबाडते.

६. ३.५ चा टॅप फक्त दूरच्या कॉर्टेक्सला. दोन वळसे पुढे, अर्धा मागे, म्हणजे चुरा मोकळा होतो. सेल्फ-टॅपिंग स्क्रू असेल तर ही पायरी नाही, पण मापात २ मिमी वाढवून घ्या. त्याच्या टोकाच्या खाचा हाड पकडत नाहीत, त्या पलीकडे निघाल्या पाहिजेत.

७. स्क्रू. दोन बोटं आणि अंगठ्याने घट्ट. मनगटाचा जोर लावायचा नाही.

सगळ्यात जास्त चूक दुसऱ्या पायरीत. ग्लायडिंग होल विसरलं तर दोन्ही कॉर्टेक्स आट्यांत अडकतात आणि स्क्रू फट मिटवायच्या ऐवजी आहे तशी धरून ठेवतो. सर्जन पिळत राहतात, फट हलत नाही, मग म्हणतात स्क्रू खराब आहे. उलट ३.५ चं ड्रिल जोरात थेट पलीकडे गेलं तर स्क्रूला पकडच उरत नाही. आटे गेले की त्याच भोकात ४.० चा कॅन्सेलस (जाळीदार हाडासाठीचा, रुंद आट्यांचा) स्क्रू घालून वेळ निभावून नेता येते. ४.५ च्या स्क्रूला हेच आकडे ४.५ आणि ३.२ होतात.

अजून एक. बोथट ड्रिल बिट ट्रेमध्ये परत ठेवू नका हो! हाड ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट जरी तापलं तरी पेशी मरतात. मग काही आठवड्यांनी त्या भोकाभोवती हाड विरघळतं आणि स्क्रू सैल. ड्रिलवर सलाइन सतत सोडायचं, दाबून फिरवायचं नाही, बिट धूर काढायला लागला की बदलायचा.

---

रात्रपाळी

ताई, हे सात मुद्दे छापून भिंतीवर लावतो. पण मग एकाच प्लेटमध्ये लॅगही आणि लॉकही चालतं ना? कॉम्बी होल (दोन्ही प्रकारचे स्क्रू घेणारी भोकं) त्यासाठीच असतात.

---

तिसरी_कॉर्टेक्स

चालतं, पण क्रम उलटला की संपलं. लॉक स्क्रू हाडाला प्लेटकडे ओढत नाही, आहे त्या जागी गोठवतो. म्हणजे आधी रिडक्शन, मग लॅग किंवा साधा कॉर्टिकल स्क्रू, शेवटी लॉक. फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना एकेक लॉक स्क्रू बसला की नंतर घातलेला लॅग स्क्रू काहीही दाबत नाही, फक्त एक्स-रेवर शोभतो.

आडव्या फ्रॅक्चरला लॅग स्क्रू बसत नाही, तिथे प्लेटच दाबते. भोकात स्क्रू एक्सेंट्रिक, म्हणजे फ्रॅक्चरपासून दूरच्या कडेला घालायचा. त्याचं गोल डोकं भोकाच्या उतारावरून घसरत खाली बसताना हाडाला साधारण १ मिमी फ्रॅक्चरकडे सरकवतं. ड्रिल गाइडचं पिवळं टोक त्यासाठी, बाण फ्रॅक्चरकडे. हिरवं टोक न्यूट्रल. सरळ प्लेट अशी दाबली तर फक्त प्लेटखालची बाजू मिटते आणि समोरची उघडते. म्हणून प्लेटला आधी मध्यभागी किंचित बाक द्यायचा, फ्रॅक्चरवर ती हाडापासून १-२ मिमी वर दिसली पाहिजे. दाबल्यावर तो बाक सपाट होतो आणि समोरची कॉर्टेक्स आधी मिटते. कोपराखालच्या रेडियस-अल्ना या दोन हाडांना ही युक्ती फार उपयोगाची. तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा कॉर्टेक्स, म्हणजे तीन-तीन स्क्रू. रेडियसचा नैसर्गिक बाक मात्र पुसू नका. तो गेला की हात पालथा-उताणा फिरत नाही.

---

सळईवाला

एवढी मारामारी कशाला, सळई घाला. चिडू नका, गंमत केली. सांध्याच्या आतलं फ्रॅक्चर सळईचं काम नाही हे मलाही कळतं. पण मांडी आणि पोटरीच्या हाडाच्या मध्यभागाला सळईइतकं सरळ उत्तर नाही. गेरहार्ड क्युन्चर यांनी १९३९ मध्ये कील इथे पहिली घातली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. भार हाडाच्या मधून जावा.

सळईत बिघाड होतो तो तीन ठिकाणी.

प्रवेशबिंदू. पोटरीला समोरून पाहताना टिबियाच्या (पोटरीच्या मुख्य हाडाच्या) बाहेरच्या टोकदार उंचवट्याच्या किंचित आत, आणि बाजूने पाहताना सांध्याच्या पृष्ठभागाच्या पुढच्या कडेला. सी-आर्ममध्ये (ओटीतल्या एक्स-रे यंत्रात) दोन्ही दिशांनी बघितल्याशिवाय ऑल (भोक पाडायचं टोकदार हत्यार) उचलायचं नाही. फ्रॅक्चर वरच्या तिसऱ्या भागात असेल आणि बिंदू आतल्या बाजूला सरकला, तर वरचा तुकडा व्हॅल्गसमध्ये (पाय खाली बाहेर वळलेला) झुकतो आणि पुढे बाक येतो. तिथली पोकळी रुंद असते, सळई तिच्यात भोपळ्यात दांडा घातल्यासारखी डुलते. उपाय, पोलर स्क्रू, म्हणजे सळईची चुकीची वाट अडवणारा स्क्रू. ज्या बाजूला विकृतीचा आतला बाक आहे, त्या बाजूला, वरच्या तुकड्यात. म्हणजे व्हॅल्गस रोखायला सळईच्या बाहेरच्या बाजूला, पुढचा बाक रोखायला मागच्या बाजूला. रीमिंगच्या (पोकळी रुंद करण्याच्या) आधी घाला, नंतर घातला तर वाट आधीच चुकीची पडलेली असते. गुडघा जेमतेम वाकवून काम केलं तर पटेला टेंडन (गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा) वरच्या तुकड्याला ओढत नाही, हाही मोठा फायदा.

रीमिंग. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढवत जा. कॉर्टेक्सची कुरकुर ऐकू आली की त्यापुढे १ ते १.५ मिमी, आणि सळई शेवटच्या रीमरपेक्षा १ ते १.५ मिमीने बारीक. रीमर अडकला तर उलटा फिरवू नका. स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या दांड्याचे वेढे उलगडतात आणि तो आतच तुटतो. फिरवणं थांबवा, टोकाला गोळी असलेली गाइड वायर (जिच्यावरून रीमर जातो ती) मागे ओढा, गोळी रीमरला बाहेर आणते.

फिरकी आणि फट. मांडीच्या हाडाला लॉक करण्याआधी दुसऱ्या पायाच्या लेसर ट्रोकॅन्टरचा (हाडाच्या वरच्या भागातल्या आतल्या उंचवट्याचा) आकार सी-आर्ममध्ये साठवून ठेवा. गुडघ्याची वाटी बरोब्बर समोर ठेवल्यावर दोन्हीकडे तो सारखा दिसला पाहिजे. मग आधी खालचं लॉकिंग, सळई थोडी उलटी ठोकून फट मिटवायची, आणि मगच वरचं. खालच्या लॉकिंगला सळईचं भोक सी-आर्ममध्ये पूर्ण गोल दिसेपर्यंत ड्रिल हातात घेऊ नका. अंडाकृती दिसतंय म्हणजे किरण तिरका आहे.

---

ओटी_ताई

सळईवाले, पोटरीचं रीमिंग करताना टूर्निके (रक्त अडवणारा पट्टा) फुगवलेली ठेवावी का, यावर बोला ना. वाहतं रक्त उष्णता वाहून नेतं. टूर्निके फुगवली की तेही बंद, आणि त्यात रीमर बोथट असेल तर बघायलाच नको.

---

सळईवाला

ताई, त्यावर मतं दोन आहेत, मी तुमच्या बाजूचा. बारीक पोकळी आणि बोथट रीमर हे खरे गुन्हेगार, पण टूर्निके सैल सोडायला काही पैसे पडत नाहीत.

---

हळूहळू_चाला

फिजिओथेरपीच्या बाजूने एक विनंती. ऑपरेशनच्या नोंदीत "प्लेटिंग केलं" एवढंच लिहू नका. दाबून जोडलंय की ब्रिज केलंय, हे लिहा. "कॅलस दिसल्यावर भार वाढवा" हा निरोप दाबून जोडलेल्या हाडाला निरर्थक आहे, तिथे कॅलस दिसणारच नाही. उलट अशा जोडणीत कॅलस दिसायला लागला तर ती आनंदाची बातमी नसते, जोडणी हलतेय.

---

रात्रपाळी

हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. आता खुब्याकडे वळू का? डीएचएसचा (खुब्यासाठीच्या सरकत्या स्क्रू-प्लेटचा) स्क्रू हाडाच्या डोक्यातून आरपार येतो, तो का?

---

तिसरी_कॉर्टेक्स

बहुतेक वेळा टिप-ॲपेक्स अंतरामुळे. समोरच्या एक्स-रेवर स्क्रूच्या टोकापासून फिमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्याच्या शिखरापर्यंतचं अंतर, त्यात बाजूच्या एक्स-रेवरचं तेच अंतर मिळवायचं, दोन्हीतलं मॅग्निफिकेशन (एक्स-रेवर मोठं दिसणं) हिशेबात धरून. बेरीज २५ मिमीच्या आत हवी. बाउमगार्टनर यांनी १९९५ मध्ये हे दाखवलं, अजून यापेक्षा सोपी मोजपट्टी आलेली नाही. गाइड वायर दोन्ही चित्रांत मध्यभागी नसेल तर ती काढून पुन्हा घाला, पुढे नीट होईल असं म्हणू नका. पुढे काहीच नीट होत नाही.

वायरवर माप १०५ आलं तर रीमर ९५ ला लावा, स्क्रूही ९५ चा. ते १० मिमी सोडले नाहीत तर रीमर सांध्यात जातो. रीमर बाहेर काढताना वायरही बरोबर येते, तेव्हा स्क्रीनवर नजर ठेवा. दाट हाडात टॅप करा, नाहीतर स्क्रू पिळताना डोकं गरकन फिरतं. विशेषतः डाव्या खुब्याला घड्याळाच्या दिशेने पिळताना अस्थिर फ्रॅक्चर उघडतं, म्हणून फिरकी रोखायला एक जादा वायर आधीच घालून ठेवा.

आणि डीएचएस कुठे घालायचाच नाही तेही पाहा. फ्रॅक्चरची रेषा उलटी, आतून वरून बाहेर खाली जाणारी असेल, किंवा बाहेरची भिंत २०.५ मिमीपेक्षा पातळ असेल, तर स्क्रू सरकेल तसा खालचा तुकडा आत घसरत जातो. तिथे सळईच. सळईवाले, हा एक गुण तुमचा.

---

वायरमन

टेन्शन बँडचं कुणी नावच काढलं नाही म्हणून लिहितो. पटेला (गुडघ्याची वाटी) आणि ओलेक्रेनन (कोपराचं मागचं टोक), दोन्हीकडे स्नायू तुकडे ओढतात, आणि वायर त्या ओढीचं दाबात रूपांतर करते. पण त्यासाठी सांध्याकडची कॉर्टेक्स शाबूत हवी, दाब तिनेच सोसायचा असतो. तिथे चुरा असेल तर वायर घट्ट केल्यावर सांध्याचा पृष्ठभागच आत कोलमडतो. अशा वेळी प्लेट.

वायर सैल का पडते? ती हाडाला न टेकता टेंडनच्या जाडीवर टेकते म्हणून. गुडघा वाकवायला लागल्यावर मऊ भाग चेपतो आणि तेवढी फट उघडते. के-वायरच्या (हाडात घातलेल्या सरळ तारेच्या) मागून, हाडाला अगदी चिकटून वायर न्या, त्यासाठी टेंडनमधून जाडसर सुई ओवून घ्या. दोन्ही बाजूंना एकेक पीळ, म्हणजे ताण सारखा. पिळताना आधी पक्कडीने वर ओढा, मग फिरवा. दोन्ही तारा एकमेकींभोवती गुंफल्या पाहिजेत, एक सरळ आणि दुसरी तिच्याभोवती असं झालं की पीळ सुटतो.

ओलेक्रेननला के-वायर अल्नाच्या पुढच्या कॉर्टेक्समध्ये पकडल्या तर मागे सरकत नाहीत. पण पलीकडे फार बाहेर काढू नका, समोर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आहेत. टोकं १८० अंशांत वळवून ट्रायसेप्सच्या तंतूंखाली हाडात ठोकून बसवा. वर ठेवली तर कातडी टोचते.

---

रात्रपाळी

शेवटचा प्रश्न. टायटॅनियमचा लॉक स्क्रू वर्षभराने निघतच नाही, डोकं गोल फिरतं. हे टाळायचं कसं?

---

धातुवेडा

घालतानाच. ड्रिल स्लीव्ह प्लेटच्या भोकात आट्यांनी पूर्ण बसवा. ती तिरकी असेल तर स्क्रू वाकडा शिरतो, आटे एकमेकांत कुरतडले जातात. पॉवर ड्रिलने शेवटपर्यंत घट्ट करू नका, शेवटचे वळसे हाताने, टॉर्क लिमिटर लावून. ३.५ च्या लॉक स्क्रूला १.५ न्यूटन-मीटर, ५.० ला ४. टक् आवाज आला की थांबा. त्यापुढे पिळलं की टायटॅनियम टायटॅनियमला चिकटतं आणि दोघांचा एक तुकडा होतो.

---

ओटी_ताई

आणि काढायची वेळ आलीच, तर हे आधीच निर्जंतुक करून ठेवा. नवाकोरा स्क्रूड्रायव्हर, उलट्या आट्यांचा शंकूच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर, कार्बाइडचं ड्रिल आणि पोकळ रीमर. स्क्रूच्या खाचेत हाड आणि मांस भरलेलं असतं. ते टोकदार हुकने पूर्ण साफ केल्याशिवाय ड्रायव्हर लावू नका, निम्मे स्क्रू तिथेच गोल होतात. आधी सगळे स्क्रू हाताने एकेक वळसा सैल करा, मग काढायला लागा. नाहीतर शेवटच्या अडकलेल्या स्क्रूभोवती अख्खी प्लेट गरगर फिरते. एक्स्ट्रॅक्टरने नाही निघालं तर कार्बाइडने डोकं उडवा, प्लेट काढा, आणि उरलेला दांडा पोकळ रीमरने बाहेर. ड्रिल करताना धातूचा भुगा मऊ भागात सांडू देऊ नका, भोवती ओली गॉज आणि सक्शन धरायला एक हात मोकळा ठेवा.